सामान आधी जातं

कोस्टीच्या धक्क्यावर नियम एकच :
सामानाचा बार्ज आधी, माणसांचा मागून.
म्हणून नव्या देशात पहिली पोचली
लोखंडी खाटांची रास, पाय आभाळाकडे,
पत्रे, पिपं, एक शिवणयंत्र,
आणि कुणाचंतरी आडवं बांधलेलं कपाट
ज्याच्या आरशात चौदा दिवस
नुसता नाईलचा काठ सरकत राहिला.

मी पितिया. यादी माझ्याकडे.
नाव, बापाचं नाव, डोकी किती, डाग किती,
आणि शेवटचा रकाना : उतरायचं कुठे.

याच रकान्यापाशी रांग अडते.
खार्तूमच्या कडेला ज्यांनी मातीच्या भिंती घातल्या,
बुलडोझर गेल्यावर त्याच मातीच्या पुन्हा घातल्या,
वीस वर्षांत एकदाही ज्यांची जीभ अडखळली नाही
पोलिसांपुढे, शेठपुढे, भाडं मागणाऱ्यापुढे,
ती माणसं इथे पेनाच्या टोकाकडे बघत राहतात.

न्यिबोल म्हणाली, लिही, जिथे नदी डावीकडे वळते.
मावशी, ती शंभर ठिकाणी वळते.
मग लिही, जिथे वळताना आवाज करत नाही.
मी मलाकाल लिहिलं.
तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, मान हलवली.

गातलुआक दार घेऊन आला.
नुसतं दार. निळं, कडीसकट,
वर पाडकामवाल्यांची लाल फुली.
मी म्हटलं, डाग अकरा झालेत तुमचे, हा बारावा.
तिथे घर बांधाल, तेव्हा दार मिळेलच की.
तो म्हणाला, घर दाराला जोडायचं असतं, पोरा,
भिंती मागून येतात.
मी अकराच लिहिले
आणि दुसरीकडे बघितलं.

सोमवारी येणारा बार्ज
दुसऱ्या सोमवारी आला नाही.
खार्तूमचं पत्र आलं, मग जुबाचं,
दोन्हींवर शिक्के, दोन्हींत तारखा वेगळ्या,
डिझेल कुणी भरायचं ते दोन्हींत नाही.
कुणी खाटेची एक पट्टी विकून ज्वारी आणली,
मग दुसरी पट्टी.
पोरं मला विचारत, तिथे नेटवर्क येतं का?
येतं, म्हटलं.
मला काय माहीत.
मी निघालो तेव्हा चार वर्षांचा होतो,
तिथलं मला आठवतं ते एका कुत्र्याचं कान खाजवणं.

मंगळवारी पहाटे, तिसऱ्या शेडमागे,
पोनीला मुलगी झाली.
डोकी चार होती, खोडून पाच केली.
पण जन्माचा देश?
नदी तीच, धक्का हा, झेंडा बदलून पुरता पाऊसकाळही झाला नव्हता.
साहेब म्हणाले, रकाना मोकळा ठेव.
बाई म्हणाली, मोकळा नको, काहीतरी लिही,
मोकळ्या जागेत माणसं हवं ते भरतात.
मी लिहिलं : बार्जवर.
बार्ज अजून आलाच नव्हता.

शेवटी आला. भोंगा वाजला
तेव्हा कुणी धावलं नाही,
एवढे दिवस थांबून पाय थांबायला शिकले होते.
मी नावं वाचत गेलो. एकेकजण
आपल्याच नावाला अनोळख्यासारखं हो म्हणत फळीवर चढला.
पाणवनस्पतींची हिरवी गठुळी
उलट दिशेने वाहत आली,
तिकडून इकडे, बिनयादीची.

माझं नाव आहे प्रत्येक पानावर,
तळाशी, तयार करणार म्हणून.
जाणाऱ्यांत नाही. पुढच्या खेपेला, म्हणतात,
काम संपलं की. काम कसं संपावं,
रोज रात्री नवे ट्रक येतात.

पण माझी पत्र्याची पेटी मार्चमध्येच गेली,
घाईत, दुसऱ्याच्या डागांत मोजून.
जुबाच्या बंदरावर पडली असेल उघड्यावर.
किल्ली माझ्या गळ्यात.
गातलुआक कठड्याशी उभा होता, दाराला टेकून,
त्याला ओरडून सांगितलं :
हिरवी पेटी, कोपऱ्यात पोचा, दिसली तर
वाट बघू नका. पावसात कुलूप गंजलं असेल,
दगडाने ठोका, उघडेल.
आत ब्लँकेट आहेत. वापरा.